बीट्रिक्स पॉटरनं स्वतः छापलं, मग मीही छापू का?

प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंनी भाच्यासाठी खारीची गोष्ट लिहिली, चित्रंही स्वतःच काढली. पाच प्रकाशकांना पाठवली. तिघांनी नकार कळवला, दोघांनी काहीच कळवलं नाही. आता एक जण ‘पॅकेज’ देतोय: पैसे भरा, पाचशे प्रती घरपोच. ताईंचं म्हणणं असं की, मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका-चित्रकार बीट्रिक्स पॉटरनंही ‘पीटर रॅबिट’ हे सशाचं पुस्तक आधी स्वतःच्या पैशानं छापलं होतं, मग मी का नको? जोडीला दोन उपप्रश्न आहेत. वय एक्केचाळीस, उशीर झाला का? आणि यावर पोट भरेल का?

मी अठ्ठावीस वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, गेली बारा वर्षं संपादनही करते. नकार पचवत असलेला कोणी ना कोणी मला दर दोन-तीन महिन्यांनी पॉटरचा दाखला देतो. दाखला खरा आहे. डिसेंबर १९०१, अडीचशे प्रती, स्वखर्चानं. पण तो देताना लोक आधीची आठ वर्षं गाळतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या आठ वर्षांतच आहे. छापायला पैसे कोण घालणार हा प्रश्न मागाहूनचा. त्याआधी बघायचं ते हे, की तुमच्या हातात आज पुस्तक आहे की नुसती गोष्ट आहे.

पॉटरची गोष्ट ४ सप्टेंबर १८९३ ला सुरू होते, आणि तीही एका पत्रानं. ती सत्तावीस वर्षांची, आईवडिलांबरोबर स्कॉटलंडमध्ये डंकेल्डला उन्हाळी मुक्कामाला. तिला शिकवायला घरी येणाऱ्या अ‍ॅनी कार्टर लग्नानंतर अ‍ॅनी मूर झाल्या होत्या. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी, अंथरुणात. त्याला ती लिहिते की, तुला काय लिहावं सुचत नाही, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते. आणि मग ओळींच्या अधेमधे शाईनं काढलेले ससे. दुसऱ्या दिवशी नोएलच्या धाकट्या भावाला, एरिकला, एका बेडकाची गोष्ट. तो बेडूक पुढे जेरेमी फिशर म्हणून गाजला.

यातलं काहीच ‘बालसाहित्य’ म्हणून लिहिलेलं नव्हतं. समोर एक ठरावीक मूल होतं, त्याचं नाव-गाव, त्याचा ताप माहीत होता. ससाही खराच होता. लंडनच्या अक्सब्रिज रोडवरून साडेचार शिलिंगला आणलेला, नाव पीटर. एवढ्याशा सशाला एवढे पैसे, हे तिला स्वतःलाही जास्तच वाटलं होतं.

ती पत्रं मुलांनी जपून ठेवली. यांची पुस्तकं होतील, असं अ‍ॅनीबाईंनी सुचवलं, आणि सात वर्षांनी पॉटरनं नोएलकडून आपलंच पत्र नक्कल करायला मागून घेतलं. लहान मुलानं सात वर्षं एखादा कागद फेकला नाही, याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही. प्रकाशकाचा होकारसुद्धा तिच्यापुढे कमी.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न: भाच्यानं ती खारीची गोष्ट परत मागितली का? तुम्ही विचारल्यावर नाही, आपणहून.

आता हाताबद्दल. पॉटर १८६६ ची. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधलं श्रीमंत घर, शाळेत कधीच गेली नाही, वरच्या मजल्यावर धाकट्या भावाबरोबर वाढली. दोघांनी ससे, उंदीर, बेडूक, वटवाघूळ, काटेरी हेजहॉग असलं सगळं पाळलं आणि ते मान वर न करता काढत बसली. नंतर तिला कवकांचं वेड लागलं. अळंब्यांची शेकडो चित्रं काढली, बीजाणू घरीच रुजवून पाहिले, त्यावर निबंध लिहिला. १८९७ मध्ये तो लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत, मांडला गेला, पण मांडणारा दुसराच, कारण बायकांना त्या बैठकीत प्रवेश नव्हता. शास्त्राचा तो रस्ता तिथेच बंद झाला, पण हात तयार झाला. पीटरची चित्रं पाहा. निळा कोट घातलाय, तरी कोटाच्या आत ससाच आहे. पाठीचा बाक, मागच्या पायांचा जोर, सगळं जागच्या जागी. कोट काढून पळतो तेव्हा तो पुन्हा चार पायांवरचा प्राणी होतो आणि डोळ्याला कुठेही खटकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत दहातले आठ ससे म्हणजे लांब कानांची माणसं असतात. खारीचं तर फारच जपा. तिची शेपूट काढली की झालं, असं सगळ्यांना वाटतं. खरी खार तिच्या मानेत आणि पुढच्या दोन पायांत असते. गच्चीत दाणे टाकून पंधरा दिवस बसा.

मग नकार. निदान सहा प्रकाशकांनी पुस्तक परत केलं. पण कशावरून? वाद बराचसा आकाराचा, किमतीचा आणि रंगाचा होता. १९०० साली अ‍ॅनीबाईंच्या मुलीला लिहिलेल्या पत्रात तिनं तो गमतीत सांगितलाय: सहा शिलिंगांच्या एका मोठ्या पुस्तकापेक्षा एकेक शिलिंगाची दोन-तीन पुस्तकं बरी, कारण छोट्या सशांना एका पुस्तकावर सहा शिलिंग घालणं परवडायचं नाही. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावायला हवं, एका बाजूला दोन-चार ओळी, समोर चित्र, आणि किंमत एक शिलिंग, हे तिचं ठरलेलं होतं. म्हणजे नकार आले तेव्हा तिच्या डोळ्यासमोर संपूर्ण वस्तू उभी होती. त्या अडीचशे प्रती म्हणजे त्या वस्तूचा नमुना. रंगीत चित्र फक्त मुखपृष्ठाच्या आत एक, बाकी सगळं रेघांचं काम. बाकीचे रंग का नाहीत, तर छपाई महाग, आणि शिवाय बहुतेक चित्रांत सशाचा तपकिरी आणि पाल्याचा हिरवा एवढंच, त्यात बघण्यासारखं काय! हे तिचंच स्पष्टीकरण. नातेवाईक आणि ओळखीच्यांत प्रती भराभर गेल्या, फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी दोनशे काढाव्या लागल्या. एक प्रत कॉनन डॉइल यांनी आपल्या मुलांसाठी घेतली होती, होम्सवाले तेच.

आणि दाखल्यातून नेहमी गळणारी दुसरी बाब: या प्रती निघत होत्या त्याच सुमारास फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन कंपनीशी बोलणीही चालली होती. तिचे स्नेही रेव्हरंड रॉन्सली यांनी अख्खी गोष्ट पद्यात करून प्रकाशकांना धाडली होती. वॉर्नना पद्य नको होतं, तिचं साधं गद्य हवं होतं, पण सगळी चित्रं रंगीत हवी होती. तिनं हट्ट सोडला आणि चित्रं पुन्हा रंगवली. ऑक्टोबर १९०२ मध्ये आठ हजारांची आवृत्ती निघाली, किंमत तिला हवी तीच, एक शिलिंग. वर्षअखेरीपर्यंत २८ हजार प्रती छापून झाल्या होत्या.

कुठे अडून बसायचं आणि कुठे ऐकायचं, हे तिला बरोबर कळलं. आकार आणि किंमत सोडली नाही, रंगाबद्दलचा हट्ट सोडला. तुमच्या बाबतीत हे उलटही असू शकेल, ते पुस्तक बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. बावीस वर्षांपूर्वी मीही स्वतः छापलं होतं. हजार प्रती, कारण हजारावर दर प्रत स्वस्त पडत होती. सोळा पानं, जाड आर्ट पेपर, मधोमध पिना. छापून आल्यावर पहिल्यांदा एका बालवाडीत वाचायला बसले. गोष्टीत एक हत्ती हरवतो आणि शेवटी हौदाच्या मागे सापडतो. ‘हत्ती कुठे असेल बरं?’ ही ओळ मी डाव्या पानावर टाकली होती आणि सापडलेला हत्ती उजव्या. मी प्रश्न वाचून होण्याआधीच सगळी मुलं ओरडली, ‘हा काय!’ गोष्ट तिथेच संपली, माझी अजून चार पानं उरली होती. ते गठ्ठे पुढे नऊ वर्षं माळ्यावर होते. वाळवी लागली तेव्हा मला खरं तर सुटल्यासारखं झालं. दोष माझाच. मी डमी, म्हणजे छापण्याआधी हातानं करायचा पुस्तकाचा कच्चा नमुना, केली नव्हती.

आता ‘पीटर रॅबिट’ उघडून बघा. चोरून बागेत शिरलेला पीटर काकडीच्या वाफ्याला वळसा घालून पुढे जातो आणि त्याला कोण भेटावं, तर बागेचा मालक, मिस्टर मॅकग्रेगर! वाक्य इथे थांबतं. मॅकग्रेगर गुडघ्यांवर बसून कोबीची रोपं लावतोय, तो उठतो, दंताळं उगारून ‘चोर, चोर’ करत धावतो, हे पुढच्या मजकुरात. मधला श्वास पान उलटण्याचा आहे. वाक्य कुठे तोडायचं हे पानानं ठरवलंय, आणि ते कळायला पुस्तक हातात धरावंच लागतं, पडद्यावर कळत नाही.

तेव्हा डमी करा. चार ए-फोर कागद मधोमध दुमडा, सुई-दोऱ्यानं शिवा, सोळा पानं झाली. मजकूर छापून, कात्रीनं कापून चिकटवा. चित्रं पेन्सिलची चालतील. मग ती स्वतःच्या घराबाहेरच्या मुलांना वाचून दाखवा. भाचा चालणार नाही, तो तुमच्यावर प्रेम करतो. वाचताना चेहऱ्यांकडे बघू नका, हातांकडे बघा. पान उलटायला मूल स्वतः हात पुढे करतं का? कुठे करतं? जिथे मागचं पान परत उघडायला लावतं, तिथे खूण करा. माझं एकही पुस्तक आता सहा डम्यांच्या आत छापायला जात नाही. एकदा अकरा झाल्या होत्या.

भाषेबद्दलही तिच्याकडून एक घ्या. पीटरच्या आईची ताकीद आठवा: मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांना तिथे अपघात झाला, मॅकग्रेगरबाईंनी त्यांना ‘पाय’मध्ये, म्हणजे मांस भरून भाजायच्या पदार्थात, घातलं. एवढंच, एका वाक्यात, आणि लगेच पुढे. सुरुवातीच्या प्रतींत त्या पदार्थाचं चित्रही होतं, ते नंतर गळलं, वाक्य मात्र टिकलं. आपल्याकडे हे हस्तलिखित आलं असतं तर ‘मुलं घाबरतील’ असा शेरा समासात नक्की पडला असता, कदाचित माझ्याच अक्षरात. तसंच १९०९ च्या सशांच्या पुस्तकाची सुरुवात. जास्त लेट्यूस खाल्लं की झोप येते, हे सांगायला तिनं चार वर्षांच्या मुलांपुढे ‘सोपोरिफिक’ हा भारदस्त लॅटिन वळणाचा शब्द ठेवला. मुलांना तो आवडतो. जड शब्दाला मुलं अडत नाहीत, लांबलेल्या वाक्याला अडतात. तुमच्या खारीच्या गोष्टीत ‘छोटीशी’, ‘इवलीशी’, ‘गोडुली’ किती वेळा आलंय ते मोजा.

एक उद्योग सुचवते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. पॉटर डिसेंबर १९४३ मध्ये गेली, म्हणजे २००४ पासून तिची गोष्ट मराठीत आणायला कोणाची परवानगी लागत नाही. छापण्यासाठी नाही, हात बसावा म्हणून ‘पीटर’चं भाषांतर करून पाहा. मी केलं होतं. शेवटी आई पीटरला झोपताना चमचाभर कॅमोमाइलच्या फुलांचा काढा देते, तिथे मी अडले. ओव्याचं पाणी केलं. मग ओव्याला शोभावं म्हणून बागेचं परसू झालं, लेट्यूसची मेथी, मॅकग्रेगरचे रावसाहेब, आणि चौथ्या पानावर लक्षात आलं की कोट घातलेला ससा आता नुसताच विचित्र दिसतोय. सगळं परत फिरवलं. काढा कॅमोमाइलचाच ठेवला. एकाही मुलानं ‘म्हणजे काय’ विचारलं नाही. काढा कडू असतो एवढं त्यांना पुरलं.

संपादकाच्या बाबतीत मात्र तिचं नशीब जबर होतं. वॉर्न कंपनीतला नॉर्मन वॉर्न. दोन उंदरांच्या गोष्टीसाठी तिला बाहुलीघर हवं होतं. नॉर्मननं ते आपल्या पुतणीसाठी स्वतः बांधलं होतं. ते बघायला जाऊ द्यायला पॉटरची आई तयार होईना. मग नॉर्मननं फोटो काढून पाठवले, खेळण्यांच्या दुकानातून बाहुल्या आणि प्लास्टरचे खोटे पदार्थ आणून दिले. असा माणूस भेटला तर त्याची कात्री सहन करा. जुलै १९०५ मध्ये त्यानं तिला मागणी घातली. ‘धंदेवाइकांच्या’ घरात मुलगी द्यायची नाही म्हणून आईवडील अडले, हे कापडाच्या कारखान्यावर श्रीमंत झालेलं घर! तरी तिनं होकार दिला, आणि महिन्याभरात नॉर्मन रक्ताच्या आजारानं गेला.

पण चांगल्या प्रकाशकाकडे असतानाही तिनं एकदा स्वतः छापलंय, हे तुमच्या कामाचं आहे. ग्लॉस्टरच्या शिंप्याची गोष्ट, डिसेंबर १९०२, पाचशे प्रती. ‘पीटर’ बाजारात धो धो खपत होतं तेव्हा! कारण गोष्टीत तिनं जुनी गाणी भरपूर घातली होती आणि वॉर्न ती कापणार हे तिला माहीत होतं. १९०३ मध्ये त्यांनी ती कापलीच. माझ्या मते कात्री बरोबर चालली, गाण्यांनी गोष्ट थांबत होती. तरी तिला आपली प्रत आपल्या मनासारखी हवी होती आणि ती तिनं करून ठेवली. स्वतः छापण्याचं हे कारण मला नकारापेक्षा जास्त पटतं.

आता पैसे, आणि इथे सगळं परिस्थितीवर आहे. पॉटर घरची श्रीमंत, अविवाहित, आईवडिलांकडे राहणारी. अडीचशे प्रती पडून राहिल्या असत्या तरी घरातली चूल थंड होणार नव्हती. तुम्ही एफडी मोडणार असाल तर माझं उत्तर सरळ ‘नको’. हौसेचे पैसे बाजूला असतील तर छापा, पण पाचशे नको. डिजिटल छपाईवर पन्नास काढा. दर प्रत महाग पडेल, एकूण खर्च कमी. पॅकेजवाल्याला तीन गोष्टी विचारा. प्रती विकणार कोण आणि ठेवणार कुठे? ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर प्रूफ देणार का? (पडद्यावरचा पोपटी कागदावर शेवाळी होतो, मी त्यावर रडलेले आहे.) आणि आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावलेत का? तो आपल्याकडे सरकारकडून विनाशुल्क मिळतो. पैसे लावले असतील तर बाकीच्या आकड्यांकडेही त्याच नजरेनं बघा.

करार नीट वाचा. वॉर्न कंपनीनं अमेरिकेत ‘पीटर’ची हक्कनोंदणी केली नाही, आणि तिथे चोरट्या आवृत्त्या निघाल्या, त्यांचा एक पैसा तिला मिळाला नाही. त्यातून ती लवकर शहाणी झाली. पीटरची बाहुली स्वतः शिवली, मिशांना ब्रशचे केस उपसून लावले, आणि १९०३ च्या डिसेंबरात ती पेटंट ऑफिसात नोंदवली. तुमच्या करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे’ असं दिसलं तर सही करू नका. भाषांतर, ई-बुक, ऑडिओ, चित्रांच्या मूळ प्रती, प्रत्येकाचा उल्लेख वेगळा हवा, मुदतीसकट.

उशिराबद्दल: वॉर्नची आवृत्ती निघाली तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. नॉर्मन गेल्यावर त्याच वर्षी तिनं उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये निअर सॉरी गावात हिल टॉप ही शेतवाडी घेतली, आणि टॉम किटन, जेमिमा बदक ही तिची तब्येतीत लिहिलेली पुस्तकं तिथली आहेत. जेमिमाच्या पुस्तकात शेत सांभाळणाऱ्या कुटुंबातली बाई आणि मुलंसुद्धा आहेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९१३ मध्ये, तिनं तिथल्याच वकिलाशी, विल्यम हीलिसशी लग्न केलं. छोटी पुस्तकं एकूण तेवीस, त्यातली बहुतेक या दहा-बारा वर्षांतली. त्यानंतर ती मिसेस हीलिस झाली, हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळू लागली, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवू लागली, आणि नजर अधू झाल्यावर चित्रांचं तिला फारसं काही वाटेनासं झालं. गेली तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला ठेवून गेली. त्यात पुस्तकांचा पैसा होता तसा वारशाचाही होता.

तेव्हा पोट भरण्याचं म्हणाल तर मराठीत नुसत्या लिहिण्यावर मला तरी जमलेलं नाही. माझं घर दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं आणि कार्यशाळांवर चालतं, गोष्टीची पुस्तकं त्यातून वेळ काढून होतात. नोकरी असेल तर सोडू नका.

आत्ता करायचं एवढंच: पॅकेजवाल्याला महिनाभर थांबवा. ‘ऑफर या आठवड्यापुरतीच’ असं म्हणाला तर जाऊ द्या त्याला. डमी शिवा, तीन वेगवेगळ्या घरांतल्या मुलांना वाचून दाखवा आणि कोणत्या पानावर काय झालं ते मला लिहून कळवा. चित्रं पाठवायची घाई नको. खारीची मान मात्र आधी दुरुस्त करा. मी अजून पाहिलेली नाही, पण अठ्ठावीस वर्षांत पहिल्या फटक्यात बरोबर आलेली एकही पाहिलेली नाही.